एका फितीचे दोन मुकुट

ग्रीसमधल्या वोलोसच्या बंदरापासून तिसऱ्या गल्लीत असिमिनाचं दुकान होतं. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर चढणारे मुकुट ती करायची. तारेच्या टोकाला कापसाची कळी गुंडाळायची, वितळलेल्या मेणात बुडवायची, गार पाण्यात धरायची, पुन्हा बुडवायची. तिसऱ्या वेळी बाहेर काढली की ती लिंबाच्या झाडावरून आत्ताच खुडल्यासारखी दिसायची. एका मुकुटाला अशा बासष्ट कळ्या. दोन्ही मुकुट तयार झाले की ते एकाच लांब पांढऱ्या फितीनं जोडायचे. ती फीत अखंड हवी. तिला मध्ये शिवण नको, गाठ नको. आत्यानं तिला पहिल्याच दिवशी ते सांगितलं होतं. दुकान मूळचं आत्याचं होतं.

चाळीसेक वर्षांत असिमिनानं लग्नाच्या कितीतरी तऱ्हा येताना आणि जाताना पाहिल्या. आधी चिनी मातीच्या फुलांचे मुकुट आले, मग चांदीचे, मग काचेच्या मण्यांचे. ते डोक्यावर चढवले की नवरी झुंबरासारखी लुकलुकायची. नंतर नवरीला मुकुट जड होतो म्हणून केसाएवढ्या बारीक सोनेरी तारेचे आले, आणि मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारायच्या, "घातलाय का गं काही?" दुकान चालवायचं तर असिमिनालाही खिडकीत असले तयार मुकुट मांडावे लागत. मेणाचं भांडं मात्र तिनं कधी आवरून ठेवलं नाही. वर्षाकाठी दोन-तीन जोड्या तरी व्हायच्याच. कुणाच्या तरी आजीचा हट्ट असायचा.

मग अचानक सगळ्यांनाच आजीसारखं लग्न हवंसं झालं. गाडीऐवजी नाव, हॉटेलाऐवजी गावातला चौक, परदेशी दारूऐवजी कुणाच्या तरी मामाच्या भट्टीतली त्सीपुरो. हे सगळं शोधून देणाऱ्या मुली निघाल्या. त्यांतली एक दानाई. लग्न जुळवणं हे तिचं काम नव्हतं. जुळलेली लग्नं ती सजवून द्यायची. लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी इंटरनेटवर तिचं एक पान होतं. फुलं कुणाकडून घ्यायची, साखरबदाम कुणाकडून, वाजंत्री कुठल्या गावचे, हे सगळं त्यावर फोटोंसकट असायचं. त्या पानावर तिनं असिमिनाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, मेणाच्या मुकुटांची शेवटची कारागीर.

"शेवटची?" असिमिना म्हणाली. "बाई गं, मी अजून जिवंत आहे."

शेजारच्या साखरबदामांच्या दुकानातला कोझ्मास हे ऐकून दारात येऊन हसला. "खरंच लिहिलंय तिनं. तू गेलीस की आम्ही काय डोक्यावर वाटी घालून लग्न करायचं?"

"तुझं एकदा झालंय. तुला कशाला काळजी?"

"झालं होतं. आता विधुर आहे मी. तू हो म्हण, बदाम माझे, मुकुट तुझे. लग्न घरच्या घरी होईल."

हे संभाषण त्या गल्लीत अकरा वर्षं चालू होतं. त्यावर काही उत्तर द्यायचं असतं असं दोघांनाही वाटत नसे.

असिमिना चौसष्ट वर्षांची होती आणि तिनं स्वतः कधी मुकुट घातला नव्हता. दुकानाच्या मागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, एक काचेची पेटी होती. लग्न झालेल्या घरांत अशी पेटी पलंगावर टांगलेली असते आणि तिच्यात मुकुटांची जोडी असते. असिमिनाच्या पेटीत एकच मुकुट होता. मेण पिवळं पडलेलं, आणि फितीचा एक तुकडा खाली लोंबणारा.

झिसिस फौजेत होता. नोकरीची दोन वर्षं भरत आली होती, लग्नाची तारीख ठरली होती. असिमिना एकवीस वर्षांची. तिनं केलेली ती पहिलीच जोडी, तिची स्वतःची. सीमेवरच्या रस्त्यावर ट्रक उलटला आणि झिसिस शवपेटीतून घरी आला. आमच्याकडे बिनलग्नाचा माणूस गेला की त्याला नवऱ्याचे कपडे घालतात, डोक्यावर मुकुट ठेवतात. देवाच्या घरी त्यानं अर्धवट जाऊ नये म्हणून. आत्यानं जोडी खाली काढली, कात्री घेतली आणि फीत मधोमध कापली. एक मुकुट झिसिसच्या डोक्यावर ठेवला, दुसरा असिमिनाच्या हातात दिला. "हा जप," ती म्हणाली. "तो तिकडे तुझी वाट बघेल."

सगळे रडत होते. सगळ्यांना ते फार सुंदर वाटलं. असिमिनालाही.

त्या दिवसापासून झिसिसची आई तिला सूनबाई म्हणायला लागली. दर शनिवारी दोघी कबरीवर जाऊन दिव्यात तेल घालायच्या. तिसऱ्या वर्षी, आमच्या रीतीप्रमाणे, हाडं वर काढून वाइननं धुतली तेव्हा कवटीवर मुकुटाची तार तेवढी उरलेली होती, गंजून लाल झालेली. असिमिना तेव्हा चोवीस वर्षांची. पुढं लारिसाहून एक मास्तर तिला बघायला आला होता. शांत माणूस होता, हात स्वच्छ होते. कॉफी पिता पिता त्याची नजर भिंतीवरच्या पेटीकडे गेली. त्यानं विचारलं, हे कुणाचं? असिमिनानं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुमच्याकडे कुणी आहेच मग." तो चिडून बोलला नव्हता. उलट आदरानंच बोलला होता. सगळेच तिच्याशी आदरानं बोलायचे. झिसिसची आई अंथरुणाला खिळली तेव्हा सहा वर्षं असिमिनानं तिचं सगळं केलं, आणि ती गेली तेव्हा लोक म्हणाले, पोटची मुलगी करणार नाही इतकं केलं हो.

थ्रासोस आणि मिर्सिनी तिच्याकडे आले ते दानाईच्या पानावरूनच. तो बंदरावर नावांची इंजिनं दुरुस्त करायचा. कितीही घासली तरी त्याच्या नखांतली काळी रेघ जात नसे. ती बालवाडीत शिकवायची. सप्टेंबरातल्या दुसऱ्या रविवारी लग्न होतं. चर्चपर्यंत ते थ्रासोसच्या मित्राच्या मासेमारीच्या नावेतून जाणार होते.

"मावशी, सगळं इथलंच हवं," मिर्सिनी म्हणाली. "बाहेरचं काहीच नको."

"नवराही इथलाच घेतलाय," थ्रासोस म्हणाला. "स्वस्तात मिळाला."

"वापरलेला आहे," मिर्सिनी म्हणाली.

मिर्सिनीनं पर्समधून एक जुना रुमाल काढला. तिच्या आजीचा होता, कडेला निळ्या धाग्याची वीण होती. त्यातला एक धागा तिनं ओढून काढला आणि असिमिनाला दिला. मुकुटात कुठेतरी गुंफाल का? कुणाला दिसला नाही तरी चालेल. असिमिनानं तो नवरीच्या मुकुटात, मागच्या बाजूला, दोन कळ्यांच्या देठांना गुंडाळला. नीट पाहिलं तरच दिसायचा.

ऑगस्टच्या शेवटी जोडी तयार झाली. ती न्यायला नव्हे, नुसती बघायला दोघं आले. बरोबर दानाई होती, हातात फोन. तिला आपल्या पानासाठी छोटासा व्हिडिओ हवा होता. मुकुट, मेणाचं भांडं, असिमिनाचे हात. ते सगळं झालं. मग ती म्हणाली, "आता फक्त एकदा डोक्यावर."

"लग्नाआधी घालून बघायचे नसतात," असिमिना म्हणाली.

"फक्त एकदा, मावशी. नुसते टेबलावरचे मुकुट कोण बघणार?"

"मावशी," थ्रासोस पुढं झाला, "माझं हे डोकं बघितलंत का? शाळेत मला भोपळा म्हणायचे. लग्नाच्या दिवशी मुकुट बसलाच नाही तर काय करायचं? पाद्रीबाबा सुरी घेऊन डोकं तासणार आहेत का?"

असिमिनाला हसू आलं. आत्या असती तर हसली नसती. त्या हसण्यात तिचा हात ढिला पडला, आणि एवढ्यात मुकुट दोघांच्या डोक्यांवर होते. दानाईनं फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि लग्नात नवऱ्याचा पाठराखा मित्र करतो तसे दोन्ही हात फुलीसारखे करून मुकुट या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरवले. एकदा, दोनदा, तीनदा. चर्चमध्ये हेच झालं की लग्न लागलं. फीत दोघांच्या मानेमागं झोपाळ्यासारखी हलत होती. मिर्सिनी इतकी हसत होती की तिला खाली बसावं लागलं.

दोन दिवसांत निम्म्या गावानं तो व्हिडिओ पाहिला. कोझ्मास म्हणाला, "तुझे हात सुंदर दिसतात गं." त्या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना, शुक्रवारी, थ्रासोस डोंगरातल्या गावी वाजंत्र्यांना भेटायला गेला होता. परत येताना वळणावर रेती पसरलेली होती. मोटरसायकल रस्त्यावरच राहिली. तो खालच्या चेस्टनटच्या झाडांत सापडला.

कोझ्मासनं येऊन सांगितलं तेव्हा असिमिना कळ्या पाण्यात धरत होती. तिनं बोटं पाण्यातून काढली नाहीत. मनात एकच गोष्ट येत होती. मी हसले. मी हसले म्हणून त्यानं मुकुट घातला.

शनिवारी भर दुपारी, गल्लीतली सगळी दुकानं मिटलेली असताना, दारावर थाप पडली. थ्रासोसची आई कालिरोई होती. काळी वस्त्रं, डोक्याला काळा रुमाल. तिच्या मागं मिर्सिनी उभी होती. कालिरोईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतला सूट होता, नवऱ्याचा, शिंप्याकडून नुकताच इस्त्री होऊन आलेला. तिनं तो कामाच्या टेबलावर, कात्र्या आणि तारांच्या बाजूला, जपून आडवा ठेवला. झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा.

"संध्याकाळी त्याला घरी आणतायत," ती म्हणाली. "उद्या नेणार. मुकुट दे."

"देते," असिमिना म्हणाली. "त्याचा—"

"दोन्ही दे. फीत तू काप, तुझ्या हातानं. त्याचा त्याच्याबरोबर जाईल. हिचा हिच्याकडे राहील."

असिमिनानं मिर्सिनीकडे पाहिलं. मुलगी भिंतीकडे बघत होती. काचेच्या पेटीकडे.

"कालिरोई," असिमिना हळू म्हणाली, "लग्न लागलेलं नाही."

"लागलंय." कालिरोईनं फोन काढला. व्हिडिओ तिला लगेच सापडला. तो कितीदा पाहिला असेल कोण जाणे. "हे बघ. मोज. एक. दोन. तीन. पाद्री नव्हता म्हणून काय झालं? देवाच्या तसबिरीखालीच उभे होते ना? तुझ्याच दुकानात ना?" तिनं फोन असिमिनाच्या तोंडासमोर धरला. फोनमध्ये थ्रासोस हसत होता. "माझा मुलगा एकटा गेलेला नाही. त्याची बायको आहे. ही माझी सून आहे."

"आई, बसा ना," मिर्सिनी म्हणाली.

"नाही बसायचं मला. हिला मी त्याची खोली देणार आहे, असिमिना. ती कालच म्हणाली, मी इथंच राहीन. मी काही तिला बळजबरी केलेली नाही, विचार तिला."

"मीच म्हणाले," मिर्सिनी म्हणाली. तिचा आवाज पार सुकला होता. "मला कुठंच जायचं नाही. मावशी, मला तुमच्यासारखंच करून द्या. तिथं आहे तसं." तिनं पेटीकडे बोट केलं. "मी पण ठेवीन."

"तुझ्यासारखंच," कालिरोई म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदा थोडा ओलावा आला. "सगळं गाव तुझं नाव घेतं. झिसिसची आई भाग्यवान होती. शेवटपर्यंत तिला सून मिळाली."

कुणीतरी दुकानातली हवा काढून घ्यावी तसं असिमिनाला झालं. चाळीसेक वर्षं ती लोकांच्या तोंडून हेच ऐकत आली होती, आणि दर वेळी मान खाली घालत आली होती. आज तेच शब्द या मुलीसाठी पसरून ठेवले होते, नव्या चादरीसारखे. मिर्सिनी सव्वीस वर्षांची होती. असिमिनाला शनिवार दिसले. दिव्यातलं तेल दिसलं. वाइननं धुतलेली हाडं आणि त्यांवरची लाल तार दिसली. आणि कॉफीचा कप खाली ठेवणारे ते स्वच्छ हात.

मागच्या फळीवर पांढरा खोका होता. झाकणावर तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती, थ्रासोस आणि मिर्सिनी. तिची त्याच्याकडे पाठ होती.

"ते मुकुट यांचे नव्हते," असिमिना म्हणाली.

कालिरोईला समजलंच नाही. "काय?"

"व्हिडिओतले. ते नमुन्याचे होते, खिडकीत ठेवायचे. यांची जोडी अजून व्हायची होती." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "मी करणार होते, पुढच्या आठवड्यात. तो नुसता खेळ होता, कालिरोई. दानाईसाठी."

"खेळ?"

"हो."

"त्या मुकुटांत माझ्या मुलाचं नाव नव्हतं?"

"नव्हतं."

कालिरोईनं फोनकडे पाहिलं, असिमिनाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून जे उतरलं ते असिमिना पुढं कधी विसरली नाही. कालपासून त्या बाईनं एवढंच घट्ट धरून ठेवलं होतं.

"म्हणजे तो तसाच जाणार," कालिरोई म्हणाली.

"मी त्याच्या एकट्याचा मुकुट करते. आत्ता बसते. संध्याकाळी घरी घेऊन येते."

"एकट्याचा." कालिरोईनं टेबलावर हात आपटला. कात्री उडाली. "तुझ्या वाट्याला आलं नाही म्हणून! म्हणून दुसऱ्या कुणाला मिळायला नको तुला! बसलीय इथं, दुसऱ्यांची लग्नं विकत!"

असिमिनानं उडालेली कात्री सरळ करून ठेवली.

मिर्सिनी आता पेटीकडे बघत नव्हती. ती असिमिनाच्या खांद्यावरून मागं, फळीकडे बघत होती. असिमिनाच्या लक्षात आलं, आणि तिला हलता येईना. मुलीनं चिठ्ठी वाचली. सावकाश, बालवाडीतल्या मुलानं वाचावी तशी, अक्षर अक्षर. तिला तो निळा धागाही आठवत असणार. तिनं स्वतः दिला होता, मुकुट डोक्यावर चढण्याआधी बोटानं चाचपून पाहिला होता. तिचे ओठ उघडले. आता बोलेल, असिमिनाला वाटलं. बोलली तर मी काय करणार?

मिर्सिनीनं असिमिनाकडे पाहिलं. तो राग होता का, विनवणी होती का, असिमिनाला कळलं नाही. ती आजही सांगू शकत नाही. मग मुलीनं नजर खाली केली, टेबलावरचा सूट उचलला आणि हातावर घेतला.

"चला," ती कालिरोईला म्हणाली. इतका वेळ ती तिला आई म्हणत होती. आता नुसतं चला म्हणाली.

त्या गेल्यावर असिमिनानं दाराला आतून कडी घातली. खोका खाली काढला. जोडी बाहेर काढून टेबलावर ठेवली. तिनं कधी आपल्या हातची जोडी मोडली नव्हती. कात्री उचलली, पण फीत कापवेना. शेवटी तिनं दोन्ही बाजूंची वेटोळी सोडवली आणि फीत अखंडच काढून घेतली. मग कळ्या एकेक खुडल्या. एकशे चोवीस. भांड्याखालचं पाणी तापलं तसं मेण वितळायला लागलं, आणि नवऱ्याचं कुठलं, नवरीचं कुठलं, हे दोन-चार क्षणांतच सांगता येईना. वर निळा धागा तरंगत आला. तिनं तो चिमट्यानं उचलून कागदावर ठेवला. गार झाल्यावर तो काडीसारखा ताठ झाला.

त्याच मेणात तिनं नव्या कळ्या बुडवल्या. एक जास्तीचा हात दिला, एकाच मुकुटात सगळं मेण संपावं म्हणून. कळ्या नेहमीपेक्षा जाड झाल्या, थोड्या ओबडधोबड. आत्यानं पाहिल्या असत्या तर नापास केल्या असत्या. पण दोन्ही मुकुट त्याच्याबरोबर गेले. मुलगा एकटा जाऊ नये हे कालिरोईचं मागणं एवढं तरी तिनं पुरं केलं. हे सांगायला मात्र तिला कुणीच नव्हतं.

सहा वाजता ती थ्रासोसच्या घरी गेली. बायका भिंतीशी बसून रडत होत्या. सूट त्याला छान बसला होता. नखांतली काळी रेघ कुणीतरी काढली होती, आणि त्या स्वच्छ नखांकडे बघून असिमिनाला पहिल्यांदा रडू आलं. मुकुट तिनं स्वतः त्याच्या डोक्यावर ठेवला. बसला. थोडासा दाबावा लागला, पण बसला. फीत नव्हती. मिर्सिनी त्याच्या पायांशी बसली होती. कालिरोईनं मान वळवली आणि असिमिना खोलीतून बाहेर जाईपर्यंत ती तशीच धरून ठेवली.

पुढंही तशीच. कालिरोई समोरून आली की रस्त्याच्या त्या बाजूला जायची. दानाईनं व्हिडिओ पानावरून काढला, आणि असिमिनाचा फोटोही. कुणी काही बोललं नाही, पण त्या वर्षी मेणाची एकही जोडी झाली नाही. लोक म्हणत, मेणाचे मुकुट आता नकोत, चांदीचे बरे. चांदी धुता येते. कोझ्मासनं लग्नाची चेष्टा करणं बंद केलं होतं. ते तिला जास्त लागलं. एकदा तिनंच विचारलं, "काय रे, बदाम संपले?" तेव्हा तो कसनुसा हसला.

मिर्सिनी वर्षभर कालिरोईकडे जात-येत राहिली. वर्षश्राद्धानंतर तिनं लारिसाच्या बालवाडीत बदली मागून घेतली. असिमिनाच्या दुकानात ती पुन्हा आली नाही. गल्लीतून गेली असेल तर असिमिनाला दिसली नाही.

तीन वर्षांनी, मे महिन्यात, कोझ्मास दारात येऊन उभा राहिला. हातात पांढऱ्या जाळीच्या पुरचुंड्यांची टोपली होती. लग्नात पाहुण्यांना द्यायचे साखरबदाम, प्रत्येक पुरचुंडीत पाच, जोडीत वाटता येऊ नयेत म्हणून.

"लारिसाची ऑर्डर आहे," तो म्हणाला. "बालवाडीतल्या मुलीची. आपल्या."

असिमिना तारेचं टोक वाकवत राहिली. "कुणाशी?"

"फळांचा व्यापारी आहे म्हणे. त्याला आधीची एक मुलगी आहे, लहान."

"मुकुट कुणाकडचे?"

"लारिसाचेच. चांदीचे, तयार." तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. "तुझ्याकडे यायला जमलं नसेल तिला. समजून घे."

"मी काही म्हटलंय का?"

तिनं खण उघडला. कागदाच्या घडीत तो धागा होता, मेणानं ताठ झालेला. तो तिनं बोटांत धरून ऊब दिली, मऊ झाल्यावर टोपलीतली एक पुरचुंडी उचलली आणि तिच्या गाठीवर दोन वेढे दिले. "ही नवरीच्या ताटात ठेव," ती म्हणाली. "काही सांगू नकोस."

कोझ्मासनं ती पुरचुंडी शर्टाच्या खिशात घातली.

लग्नानंतरच्या मंगळवारी तो परत आला. टेबलावर एक पुरचुंडी ठेवली. तिची गाठ साध्या पांढऱ्या दोऱ्याची होती.

"तिनं दिलीय?"

"टोपलीत उरलेल्या होत्या. एक मी तुझ्यासाठी ठेवली." मग तो घाईनं म्हणाला, "ताटातली तिनं उचलली होती, हे मी बघितलं. पुढं काय केलं ते नाही बघितलं. गर्दी होती."

"बरं."

"उशीखाली ठेव," कोझ्मास म्हणाला. तीन वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या आवाजात जुनी खोडी होती. "बिनलग्नाच्या मुलींनी ठेवायची असते. ज्याच्याशी लग्न व्हायचं तो स्वप्नात येतो."

"माझे दात गेलेत, मला कोण येणार?"

"दात नसलेलाच कुणीतरी."

ती हसली. तो गेल्यावर तिनं दुकान मिटलं, वरच्या खोलीत गेली, आणि कुणी बघत नसताना पुरचुंडी खरंच उशीखाली ठेवली. खिडकीच्या फळ्यांतून उन्हाच्या पट्ट्या पलंगावर पडल्या होत्या. पूर्वी दुपारी डोळा लागला की झिसिस यायचा. फौजेच्या कपड्यांत, तेवीस वर्षांचा, एका हातानं फितीचं टोक धरून उभा. गेल्या काही वर्षांत तो तिच्या मुलाएवढा दिसायला लागला होता.

त्या दुपारी कुणीच आलं नाही. कोझ्मासच्या दुकानाचं शटर खडखडलं तेव्हा तिला जाग आली. साडेपाच वाजले होते. डोक्याच्या भारानं एक बदाम फुटला होता आणि चादरीवर साखरेचा पांढरा चुरा सांडला होता. असिमिनानं तो तळहातानं झाडला, केस सारखे केले, आणि खाली जाऊन मेणाच्या भांड्याखालचं पाणी तापत ठेवलं.